उतरलेले सेल

भाची म्हणाली, मावशी, तुमच्या वेळचं
एखादं इंग्लिश गाणं सांग,
टिकलंय का बघू.
नाव आठवेना. चाल गुणगुणले.
फोननं चार सेकंदांत ओळखलं.

पत्र्याच्या डब्यात खारीक टाकावी तसा ठोका,
दर वेळी अगदी तेवढाच.
त्यावर चकचकीत सूर,
नव्या सोफ्याचं प्लास्टिक न काढता बसावं तसे.
मग ती बाई. तिचा गळा मात्र अजून मखमलीचा,
इस्त्री उलट्या बाजूनंच करावी लागेल असा.
आणि मधेच तो गडी, न गाता बोलणारा,
भराभरा,
मोंढ्यात कापसाचा लिलाव पुकारावा तसा.
हे रॅप? भाची हसली. हे तर बालवाडीतलं.
मी वाद घातला नाही. खरंच होतं तिचं.
पण मला वेगळंच खटकत होतं. ते फार पळत होतं.

सेलूला, एकोणनव्वद साली,
मार्था बाईंच्या शिवणक्लासात अकरा मशिनी,
त्यातली एक बंद. बंद मशिनीवर टेप.
बाईंचा भाऊ मस्कतला क्रेन चालवायचा,
त्यानं धाडलेली कॅसेट,
दोन्ही बाजूंनी हेच एक गाणं.
लाईट गेली की सेलवर. सेल कायम उतरलेले.
पायरीवर उन्हात वाळत घालायचो, दातानं चेपायचो,
तरी गाणं घोगरंच निघायचं,
बाईचा गळा पुरुषाकडं झुकलेला,
आणि तो गडी जेवून सुस्तावल्यासारखा
एकेक शब्द सोडवून सांगणारा.

म्हणून तर द्वारकीला पाठ झालं.
खाकी कागदावर, बाही आणि गळा आखून
उरलेल्या जागेत तिनं उतरवलं,
ऐकू आलं तसं, मराठीत.
त्यात एक ओळ होती:
मानवत रोड, मानवत रोड, नॉनस्टॉप, बेबी.
ती शपथ घ्यायची, असंच म्हणतोय तो.
तिचं मानवतला ठरलं होतं,
तिला ते नाव कुठंही ऐकू यायचं.

तीन वाजता बाई चर्चला गेल्या
की आमचे पाय एकदम पायट्यांवर.
दोऱ्याशिवाय, कापडाशिवाय, नुसता ठोका.
द्वारकी गळ्यात मापाची पट्टी टाकून उभी,
कात्रीची मूठ तोंडाशी.
लाईट नाही म्हणजे गिरणीही बंद,
चांदपाशा पीठभरल्या भुवयांनी ओट्यावर येऊन बसायचे.
कव्वालीच है बेटा, म्हणायचे,
सिर्फ ताली कम है.
आणि स्वतःच द्यायचे, पीठ उडायचं.

भाचीनं पडद्यावर शब्द काढून दाखवले.
मानवत रोड कुठंच नाही.
गडी आपल्या गाडीबद्दल सांगत होता,
तिचं छत उघडतं म्हणून. एवढंच.
मी म्हटलं, जरा हळू होतं का हे?
होतं की. तिनं बोट लावलं, पाऊण पट.
वेग कमी झाला, आवाज उतरला नाही.
तीच बाई, तेवढीच उंच,
फक्त कुणीतरी तिला धरून ठेवल्यासारखी.
सेल उतरणं म्हणजे काय, ते फोनला ठाऊक नसतं.

रात्री द्वारकीला लावला.
दीड वर्षात मानवतहून परत आली होती ती,
कारण मी कधी विचारलं नाही.
जिंतूरला फॉल-पिकोचं दुकान आहे आता,
मशिनीला मोटार.
तिला गाणं ऐकवलं, पहिलंच, पळणारं.
हे नाही गं ते, ती म्हणाली.
हे पळायलंय. ह्याच्या मागं कोण लागलंय?

मग मोटार बंद झाल्याचं ऐकू आलं.
आणि ती बोलायला लागली,
घोगरं, सावकाश,
एकही शब्द बरोबर नसलेलं, सगळंच्या सगळं.
मी पलंगाच्या कडेला बसून टाच आपटत होते.
मानवत रोड, म्हणाली.
थांबली.
तिकडं रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो पूर्ण जाईपर्यंत थांबली.
मग म्हणाली, अगं, हितं थांबायचं नव्हतं ना?
आन् पुन्हा सुरवातीपासून धरलं.