हुलगेप्पा

शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलं, हुलगाप्पा.
अण्णा तेव्हा सहा वर्षांचा.
मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला कळलं होतं:
हुलगा बे हुलगा, ये, तुझं माडगं करू.

पुढं चाळीस वर्षं
चादरीच्या कारखान्यात, पाळीच्या रजिस्टरात,
रेशनच्या रांगेत
तो धान्यच राहिला.
बैलाला भिजवून घालायचं, थंडीत माणसांनी खायचं.
चिडला नाही कधी.
धोटा अडकला की तेवढा चिडायचा.

माझ्या नावामागं तोच आहे.
नर्सिंगला मेट्रननं विचारलं, हे कसलं गं नाव?
मी म्हटलं, जुनं आहे.
तेवढंच म्हटलं.

मग एका रविवारी, पायांना तेल लावताना, मी विचारलं.
तो म्हणाला, हुली. म्हणजे वाघ.
आणि मला म्हणायला लावलं.
मी म्हटलं, हुळी.
अंहं, ते आंबट. ती आमटी.
जीभ दातामागं ठेव.
वाघ जिभेच्या शेंड्यावर असतो,
जरा मागं सरकली की आमटी होते.

अक्कलकोटच्या पलीकडं, तुरीच्या रानात,
त्याच्या आईची दोन पोरं गेली होती.
तिसऱ्याला अंगड्या-टोपड्याआधी
तिनं वाघाचं कातडं घातलं, नावाचं.
न्यायला येणारं दारातच थबकावं म्हणून.
कधी ती सांगायची, हुलिगेम्माला बोलले होते.
कधी सांगायची, शेजारणीनं सुचवलं.
कधी नुसती म्हणायची, राहिला ना.

वाघ मात्र त्यानं पाहिला नाही.
विजापूर रोडच्या बागेत मला घेऊन गेला,
तिथं मगर होती, चिखलाच्या रंगाची,
आणि शेंगदाण्यावर भांडणारी माकडं.
आपला माळ लांडग्याचा, काळविटाचा.
वाघाला लपायला इथं झाड कुठंय, म्हणाला.

आणि त्या हिवाळ्यात पेपरात आलं,
बार्शीकडं वाघ आलाय.
शेकडो मैल चालून. कालवे, हायवे, ऊस ओलांडून.
अण्णानं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
नाव काय दिलंय त्याला?
नाव नाही अण्णा, नंबर असतो.
तो हसायलाच लागला, खोकला येईपर्यंत.
ट्रंकेतून पितळी बिल्ला काढला, तीनशे बारा,
धोतराच्या सोग्यानं घासला,
आणि म्हणाला, मग आपल्याच पाळीतला दिसतोय.

महिनाभर बार्शीची बातमी आधी, मग दूध.
कुणाचं वासरू गेलं ते वाचून गप्प बसायचा.
जणू घरातल्याच कुणीतरी केलंय.

मग आधार दुरुस्तीला गेलो, सात रस्त्याला.
खुर्चीवरचा पोरगा विशीचा, कानात वायर.
आजोबा, हुलगप्पा का हुलगाप्पा?
अण्णा काउंटरवर वाकला. जीभ दातामागं, म्हणाला.
पोरानं वायर काढली.
म्हणून बघितलं, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा बरोबर आलं.
मागच्या रांगेतली बाईसुद्धा हळूच पुटपुटली.
मला उगाच रडू आलं, मी फॉर्म वाचत बसले.

कार्ड पंधरा दिवसांनी आलं.
हुळगेप्पा.

मी परत जाऊया म्हणत होते.
तो कार्डाकडं बघत राहिला, लांब धरून, जवळ धरून.
मग म्हणाला, आज हुलग्याची आमटी कर.
वाघ जेवायला बसला.
दोन भाकरी कुस्करल्या, ताटली पुसून घेतली.

चिंच कमी पडली, म्हणाला.