अंगाएवढं गरम

कपाला एक पट्टी असते.
नमुना ताजा असला, आत्ताच
माणसाच्या अंगातून उतरलेला,
तर ती हिरवी उजळते.
काळी राहिली तर लबाडी:
कुणी नळाचं पाणी ओतलंय,
कुणी धाकट्या भावाचं आणलंय बाटलीत.

पट्टी बनवणाऱ्यानं
परभणीचा मे पाहिलेला नाही.
इथं टाकीतून उतरणारं पाणीच
अंगाएवढं गरम असतं.
माठातलं तेवढं सोडलं
तर अख्खं शहर पट्टीच्या मते खरं बोलतं.

रोहिदासही खरं बोलत होता.
चौदा गुरुवार हिरवी पट्टी, चौदा गुरुवार दोन रेघा,
आम्ही टाळ्या वाजवल्या,
बाईंनी त्याला पेन दिला.
पंधराव्या गुरुवारी सापडला
पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमागं, पालथा,
पेन खिशात.

तेव्हापासून मी दाराशी उभा राहतो.
नोकरीच्या जाहिरातीत होतं: समुपदेशक,
एम.एस.डब्ल्यू., अनुभव असल्यास प्राधान्य.
भिंतीकडं तोंड करून
धार कुठून पडते ते कानानं ओळखावं लागेल,
असं नव्हतं.

आमचं कोर्ट गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
चार नंबरच्या खोलीत.
उमाटे बाई, सरकारी वकील लोहट,
सह्या करून दवाखान्यात पळणाऱ्या डॉक्टर नुझहत,
आणि ढवळे हवालदार, ज्यांनी यातली निम्मी पोरं
स्वतःच्या हातानं पकडली
आणि आता त्यांनाच विचारतात, जेवलास का रे.

आज सकाळी साडेसहाला
वैजिनाथ केंद्राच्या पायरीवर बसलेला.
वसमत रोडला ट्रॉल्या वेल्डिंग करतो,
डोळे तसेही लालच असतात.
माझ्या हातात कुलूप.
‘सर, काल घेतलो मी. दोन बटनं.’
त्रेचाळीस दिवस कोरे होते.
‘कामून रे?’
‘बहिणीचा साखरपुडा होता.
आई फोनवर म्हणली, तू येऊ नको.’

कप त्यानंच मागितला.
पट्टी उजळली. खिडकीत एकच रेघ आली.
एक म्हणजे सापडला, दोन म्हणजे सुटला;
उलटं वाटतं, पण तसंच आहे ते.
तो रेघेकडं बघत राहिला,
वेल्डिंगचा सांधा बघावा तसा,
कुठं राहिलंय का.

अहवालात दोनच चौकटी: आहे, नाही.
आपण होऊन आला, असा रकाना नाही.
मी समासात लिहिलं, बारीक,
कुणी वाचू नये म्हणून
किंवा वाचावं म्हणून.

‘हे समासात काय?’ बाईंनी विचारलं.
मी सांगितलं.
लोहटांनी घसा साफ केला:
नियमाप्रमाणे, तिसऱ्यांदा सापडल्यास
मूळ खटला पुन्हा...
मग थांबले. फाइलीनंच वारा घेऊ लागले.
कूलर फिरत होता, पाण्याशिवाय.
रोहिदासचं नाव कुणी काढलं नाही.
बाईंनी टेबलावरचा पेन
उचलला, ठेवला,
दुसरा घेतला.

‘पुढच्या गुरुवारी.
आणि घरी फोन कोण करणार?’
सगळे माझ्याकडं बघू लागले.
शेजारच्या खोल्यांत तारीख पडते.
इथं बाई ती देतात,
आणि पोरगं तळहातावर लिहून घेतं,
घामानं जाईल हे माहीत असून.

बाहेर ढवळे त्याला खांद्याला धरून
गाड्यावर घेऊन गेले.
लांबून पाहणाऱ्याला वाटावं,
अटक झाली.

फोन केला. आईनं ऐकून घेतलं,
काही बोलली नाही, ठेवलाही नाही.
मागं कुकरच्या शिट्ट्या.
तीन मोजल्या मी.

संध्याकाळी हात धुवायला नळ सोडला
आणि सवयीनं
पाण्याखाली बोट धरून राहिलो.