नावं संपली की हाक मार

पडद्यावर जे हात निरांजन लावतात
ते माझे आहेत.
चेहरा दुसरीचा. तो नंतर येतो,
ज्योतीच्या मागून, केस उडवत.

घोडबंदरला, कासारवडवलीच्या पुढे,
भाड्यानं घेतलेल्या एका बंगल्यात घडलं हे.
नायिकेची मेंदी रंगली नव्हती
आणि मी आत साड्यांना इस्त्री करत होते.
कुणीतरी म्हणालं, हेमांगीताईंची बोटं बघा.
मनगटावर कुकरच्या वाफेचा जुना डाग,
त्यावर हिरव्या बांगड्या चढवल्या. एकवीस.
मोठ्या पंख्याच्या वाऱ्यानं
ज्योत अकरा वेळा विझली.
बाराव्या वेळी स्पॉटदादानं पुठ्ठा आडवा धरला
आणि ती कुठल्याच वादळात न विझणारी झाली.

संध्याकाळी बांगड्या मोजून परत घेतल्या.
त्यांची किणकिण मात्र गाण्यात ठेवली,
समेच्या जरा अलीकडे.
घरी मी प्लास्टिकची एकच घालते.

वर्तकनगरला भिंतीपलीकडे गोडांबेकाका.
साखरेनं त्यांचे डोळे नेले,
कान कसे कोण जाणे राहून गेले.
साडेसातला मी त्यांच्याकडे जाते.
काकू पिठाचे हात घेऊन आत पळते,
"नावं संपली की हाक मार गं."
त्या बेचाळीस सेकंदांत आमची सगळी इमारत
दोरीवरचे कपडे काढते, कुकर लावते,
पोराला एक धपाटा घालून घेते.
काका तेवढे सरसावून बसतात.
त्यांच्यासाठी मालिका तेवढीच.
पुढचं सगळं म्हणजे नुसतं बोलणं, म्हणतात.

"काय दिसतंय?"
"उंबरठा. त्यावर माप. आलत्याचं पाऊल."
"तरीच. तबल्यानं पाय उचललाय."
"आता आरसा. आरशात दोघी जावा."
"त्यातली एक खोटी आहे.
तिच्यापाशी सनई अर्धा श्वास जास्त थांबते."

मी बघते. धाकटी.
अजून तर ती ताई ताई करत मागे मागे फिरते.
दुधात काय कालवायचं ते ती फेब्रुवारीत कालवणार,
हे मला इस्त्रीच्या टेबलाशी कळलेलं.
काकांना कुणी सांगितलं?

पुढे नायक गेला.
म्हणजे त्याला दुसरीकडे मोठं काम मिळालं,
म्हणून त्याची गाडी गायमुखापाशी
रात्रीची खाडीत गेली.
सोमवारी शीर्षक बदललं.
शब्द तेच. चाल तीच.
तुळशीच्या पानावरून ओघळणारं पाणीही तेच,
ते मीच पिचकारीनं मारलेलं.
फक्त माझ्या हातांच्या जागी
रिकामा झोपाळा, आपोआप हलणारा.
(त्याला खालून नायलॉनची दोरी असणार.
कोण ओढत होतं, विचारायला हवं.)

मी काही बोलले नाही.
काकांनी मान तिरकी केली.
"सनई काढली," म्हणाले.
"सारंगी आणलीय. आणि खाली पेटीवर
एकच सूर धरून बसलंय कुणीतरी,
मयताच्या घरी शेजारीण बसते ना,
काही न बोलता, तसं."

मग जरा वेळानं,
"तुझे हात आहेत ना गं?"

"आहेत की."

"निरांजन लावतायत?"

"हो."

पडद्यावर निर्मात्याचं नाव आलं, गेलं.
काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
सोफ्याच्या कव्हरची एक सुरकुती
बोटानं सरळ करत राहिले.
"मग बांगड्या कशा नाही वाजल्या?"

आतून काकूचा आवाज आला, तव्यावरून,
"संपली का गं नावं?"

"संपली," मी म्हणाले.
"या आता."