अर्ध्या ओळीनंतर

वहीत तुझं अक्षर
"आणि त्याचा मुलगा" इथवर येऊन थांबलंय.
पुढे पेनाची एक घसरलेली रेघ,
पानाच्या कडेपर्यंत.
त्या रात्री मी मागे सोयाबीन भिजत घालत होतो.
तू हाक मारलीस की नाही
अजून नक्की आठवत नाही.

एकोणीस वह्या, ओकबुन.
उत्पत्तीपासून इतिहासाच्या पहिल्या पुस्तकापर्यंत,
रोज एक पान, टोफूची ऑर्डर कितीही असो.
मी हसायचो. छापलेलं मिळतं की,
हातानं कशाला उतरवायचं?
तू म्हणायचीस,
डोळे पळतात, हात पळत नाही.

तीन महिने वही तशीच ठेवली.
मग एका पहाटे, पावणेतीनला,
कढई तापायच्या आधी
तुझंच पेन घेतलं
आणि रेघेच्या पलीकडे
त्या मुलाचं नाव लिहिलं.

श्रद्धा वगैरे म्हणू नकोस.
अर्धं वाक्य घरात पडून राहिलेलं
बघवत नव्हतं, इतकंच.

आणि थांबायला जागा तरी काय निवडलीस!
नुसती नावं. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा.
ना समुद्र दुभंगतो, ना कुणी सिंहांच्या गुहेत पडतं.
टोफू कापणारी माझी बोटं,
अक्षर म्हणजे चिखलात कोंबडी चालल्यासारखं.
पण दहाबारा पानं झाल्यावर
माझ्या उधारीच्या वहीची आठवण यायला लागली.
तिथंही नावाखाली नाव.
फक्त इथं कुणी वसुलीला निघालेलं दिसत नाही.

पाचच्या प्रार्थनेला जातो हल्ली.
पाइनच्या झाडांमागचं तुझं चर्च,
शेवटचा बाक, अंगाला कढलेल्या दुधाचा वास.
सगळे एकदम, मोठ्यानं प्रार्थना करतात,
गिरणी चालू असल्यासारखं वाटतं.
मला शब्द सुचत नाहीत.
मग नावंच घेतो.
शाळेच्या खानावळीतल्या माबाई.
दोन वर्षं पैसे बुडवणारा म्हातारा प्यो.
उल्सानच्या गोदीत वेल्डिंग करणारा आपला चानगू,
जो फोन उचलत नाही.
नाव घेतो, थांबतो, पुढचं घेतो.
ह्याला प्रार्थना म्हणतात का
हे पाळकांना विचारलेलं नाही.
नाही म्हणाले असते तर?

तुला ठाऊकच आहे,
दुधात समुद्राचं पाणी घातलं
की हात आवरायचा.
घाईनं ढवळलं तर सगळं विस्कटतं.
बराच वेळ काही होत नाही,
मग कधीतरी तळातून ढग धरायला लागतात.
ते "कधी" मला
गांगनुंगमधल्या चाळीस वर्षांत
एकदाही पकडता आलेलं नाही.

दुपारी दवाखान्यात येतो,
सकाळचं पान तुला वाचून दाखवतो.
तू छताकडे बघतेस.
तुझा उजवा हात उशीसारखा पडलेला.

काल वाचता वाचता
तुझ्या डाव्या हाताचं बोट
पलंगाच्या दांडीवर वाजलं. टक्.
थांबलो. ओळ पुन्हा वाचली.
टक्.
पिशवीतून शास्त्र काढून ताडून पाहिलं.
एक नाव गाळलं होतं मी,
बापाला वगळून नातू
थेट आजोबाच्या मांडीवर बसवला होता.

नर्स म्हणाली, असे झटके येतात आजोबा,
त्यात काही धरू नका.
असतीलही.
मी तिथंच, तुझ्या पांघरुणावर वही ठेवून
दोन शब्दांच्या मधे, वरच्या बाजूला
ते सुटलेलं नाव कोंबलं
आणि ओळ तिसऱ्यांदा वाचली.
बोट गप्प राहिलं.

साडेचारची बस होती, उद्याचं सोयाबीन निवडायचं होतं.
पुढे अजून किती पुस्तकं उरलीत ते मोजलं नाही.
फक्त स्वतःला बजावतोय, ओकबुन,
रोज पेन हातात घेताना बजावतोय:
मुद्दाम चुकायचं नाही.