सव्वाशेर

डुलूथच्या बंदरात बत्तीस वर्षं
आर्विडनं वाघिणी तोलल्या, लोहखनिजाच्या.
भरलेली वाघीण, रिकामी वाघीण,
वजाबाकी.
आता निवृत्त. गुरुवारी रात्री तळघरात
राक्षस तोलतो.

चौकोनी रेघांची वही. डावीकडे खेळाडूंची पायरी,
उजवीकडे राक्षसाचा जीव, आकड्यात.
पहिलीला सात. तिसरीला बावीस.
पाचवीनंतर नुसती खोडाखोड:
जीव वाढवला तर लढाई लांबते फक्त,
फासे पडत राहतात, कॉफी निवते,
लेनोर हळूच मोबाइल काढते.
वार वाढवला तर एका फटक्यात
इमेटचा जादूगार गार.
आणि चिलखत वाढवलं की कुणाचाच घाव बसत नाही,
चौघं आपापल्या फाशाकडे बघतात
पैसे बुडवणाऱ्या भावाकडे बघावं तशी.

नियमांचं पुस्तक म्हणतं, शेरास सव्वाशेर.
ते चढतील तसा तोही चढव.
आर्विडला हे पटायचं नाही,
पण का, ते सांगता येत नसे.

मागच्या गुरुवारी बाहेर उणे सव्वीस,
सरोवरावरचा बर्फ मधूनच तडकत होता.
चौघं फिरत फिरत त्याच पुलाशी आली.
सहा वर्षांपूर्वी इथूनच पळाली होती,
ओरिनच्या भालाइताला तसाच टाकून.
(ओरिन नंतर ॲरिझोनाला गेला. गुडघ्यांसाठी.)

आदल्या रात्री आर्विडनं दोनदा वही उघडलेली.
अकराव्या पायरीला शोभेलसा आकडा: एकशे ऐंशी.
पेन्सिल टेकवली.
नाही लिहिला.
पुलाखालचा तो, अडतीसचा, अडतीसचाच राहिला,
पानावरच्या कॉफीच्या डागासकट.

लेनोरची कुऱ्हाड. एकेचाळीस.
झालं.

कुणी ओरडलं नाही.
"एवढाच होता?" इमेट म्हणाला.
"एवढाच होता."
मग मार्गिट, जी फाशाखेरीज काही बोलत नाही:
"आपण तीन मैल पळालो होतो याच्यापासून.
माझा बूट राहिला होता चिखलात."

तेव्हा आर्विडला बंदरावरचा ठोकळा आठवला.
रोज पहाटे, पहिल्या वाघिणीच्या आधी,
काट्यावर ठेवायचे तो, बिडाचा, दहा हजार पौंडी.
काल दहा हजार. आज दहा हजार.
तो वाढत नसे, म्हणून तर
वाघिणींचं काही कळायचं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.
टेबलावर डेलनं तोवर फावडं काढलं होतं,
चौघांनी मिळून राक्षसाला पुलाशेजारी पुरलं.
त्याला नियमात आकडा नाही,
फासाही लागत नाही.
पाऊण तास गेला त्यात.

सगळी गेल्यावर त्यानं पुन्हा वही उघडली.
डोंगरातला ड्रॅगन. अजून कुणी पाहिलेला नाही त्याला.
दोनशे चाळीस.
आर्विडनं जिन्याकडे एकदा बघितलं
आणि चाळीसचे साठ केले.