कडब्याचा हिशोब

एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर
मी हिशोब मांडला:
घोड्या चार.
दर घोडीला दिवसाच्या चार पेंढ्या, म्हणजे सोळा,
म्हणजे वर्षाला अठ्ठावन्नशे चाळीस.
उंदरांचं वेगळं.

शाळूचा कडबा फाल्गुनातच घ्यावा लागतो.
तेव्हा तो रानात आडवा पडलेला असतो,
शेकड्याचा भाव बसून बोलता येतो,
वरातींचे चार पैसेही गाठीला असतात.
मृगात विचारायला गेलं
तर विकणारा आधी आभाळाकडं बघतो, मग भाव सांगतो.

म्हणून जागा हवी वर्षाची.
सेलूच्या या पत्र्याच्या तबेल्यामागं
चार खण.
खाली दगड, दगडांवर बाभळीचे वासे, मग पहिला थर;
भुईला टेकवलं की वाळवीनं वाचून काढलंच.
भिंतीपासून हातभर मोकळं,
वाऱ्याला, मांजराला,
आणि आलीच तर एखाद्या धामणीला.
ओलसर पेंढी आत जाता कामा नये.
ती गुपचूप तापते.
दादा गंजीत कोपरापर्यंत हात घालून बसतात,
लहानपणी माझ्या मानेला लावून बघायचे तसाच.

चौथा खण अर्धा भुशाचा.
मुजीबभाईंच्या सॉ मिलमधून आठवड्याला बारा पोती,
कडुनिंबाचा चालेल, सागाचा चालेल,
रंगवलेल्या फळ्यांचा नको.
श्रावणात लाकूडच ओलं, तर भुसा कोरडा कुठून येणार?
तेव्हासाठी शंभर पोती आधीच रचायची,
पोत्यांची तोंडं शिवून.

इथपर्यंत सगळं जमलं होतं.
मग मी पहिली ओळ खोडली
आणि घोड्या तीन असं लिहिलं.

दादांना अक्षर लांबूनच ओळखू येतं, आकडा तर येतोच.
"तीन काऊन?"
मी काही बोलले नाही.
बाहेर नुकरी उभी होती.
चोवीस वर्षांची. दाढा गेलेल्या.
किती नवरदेव उतरले तिच्या पाठीवरून,
किती जणांनी रकिबीत पाय अडकवून शिव्या तिलाच दिल्या.
पेंढी चघळते, चघळते,
आणि ओला गोळा करून खाली टाकते.
तिच्या पायाशी असे पाच-सहा गोळे.

दादांनी एक उचलला, हातात दाबून पाहिला.
"चार नको धरू," म्हणाले,
"दोन धर. कुट्टी करून भिजवून देऊ.
पण अंथरूण दुप्पट लिही.
आता ती आडवी पडती जास्त,
ढोपरं सोलतात."

मी लिहिलं:
बारा आणि दोन, चौदा.
वर्षाला एक्कावन्नशे दहा.
वर्षाला, हे लिहिताना पेन थोडं थांबलं,
पण दादा वरूनच बघत होते, म्हणून लिहिलं.
कडबा उतरला, भुसा चढला,
खण चारच राहिले.

संध्याकाळी खुंट्या ठोकायला गेलो.
तबेला आणि गंजी यांच्यात अकरा पावलं ठेवायची,
हा त्यांचा जुना नियम.
वरातीत फटाका कुठून उडेल सांगता येत नाही,
आणि जळत्या कडब्याला घोडी दिसत नाही.
त्यांनी पावलं मोजली, मोठ्यानं,
एक, दोन,
धोतराचा सोगा हातात धरून,
अकराला थांबले. "ठोक इथं."

मी ठोकली.
ते पाणी दाखवायला नुकरीकडं वळले
तेव्हा मी तबेल्यापाशी परत गेले
आणि माझ्या पावलांनी मोजलं.
साडेआठ.

खुंटी उपटली.
अडीच पावलं पुढं नेऊन
नवी जागा पायानं सारखी केली,
जुन्या भोकात माती लोटली,
त्यावर पडलेला एक ओला गोळा सरकवून ठेवला.