सत्तेचाळीस नंबर

ऑफिसनं झाडांना नंबर दिलेत,
पायथ्याच्या दगडावर, पांढऱ्या रंगानं.
माझ्याकडे एक ते दोनशे तेरा.
आम्ही म्हणतो तितांका.
वहीत लिहायचं नाव वेगळं आहे, लांबलचक,
ते मी अजून बघून बघून लिहिते.

इथे गवतसुद्धा जमीन घट्ट धरून असतं.
पहाटे बादलीवर बोटभर बर्फ.
आणि ही मात्र उभी, आभाळात खुपसल्यासारखी.
पाच माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली
तरी शेंड्याला हात लागणार नाही.

सत्तेचाळीसनं यंदा तुरा काढला.
आजीच्या लग्नात ती गुडघ्याएवढी होती म्हणे.
एवढं आयुष्य नुसती पानं वाढवली,
आता एकदाच फुलेल, हजारोंनी, हिरवट पांढरी,
आणि उभ्याउभ्या वाळेल.

माझे बाबा, ग्रासियानो मायता, काडेपेटी घेऊन फिरायचे.
हिच्या पानांना कडेनं काटे असतात,
गळासारखे, आत वळलेले.
मेंढी ऊब शोधत शिरते
आणि जितकी ओढ घेते तितकी आत जाते.
अठ्ठ्याहत्तर साली एका रात्रीत तीन मेल्या.
सकाळी बाबांनी अख्खा उतार पेटवला.
काड्या मी काढून देत होते. सात वर्षांची.
काळे बुंधे अजून आहेत तिकडे,
त्यांना नंबर नाहीत.

नोकरीच्या अर्जात एक रकाना होता:
पूर्वानुभव.
मी तो कोरा सोडला.

मंगळवारी फेलिसितासचं कोकरू अडकलं, सत्तेचाळीसमध्येच.
ती विळा घेऊन आलेली.
काप की एक पान, म्हणाली,
नाहीतरी मरणारच आहे ती.
मी म्हटलं, विळा खाली ठेव.
ती माझ्या बाबांचं नाव घेऊन काहीतरी बोलली,
ते इथे लिहीत नाही.

मग मी आडवी पडले, कोपरापर्यंत हात आत घातला.
ओढायचं नाही. आधी आत ढकलायचं,
मग एकेक केस सोडवायचा.
तळहाताखाली त्याचं काळीज
डब्यातल्या दाण्यांसारखं वाजत होतं.
गारा पडून गेल्या. ऊन गेलं. बॅटरी संपली.
फेलिसितास कोकाची पानं चघळत बसली होती पाठीशी,
काही वेळानं तिनं आपली शाल माझ्या पायांवर टाकली.
कोकरू निघालं तेव्हा चांदण्या इतक्या खाली होत्या
की मान वाकवून चालावंसं वाटलं.

सकाळी काट्यांवर लोकरीचे पुंजके,
एक हमिंगबर्ड ते ओढत होता घरट्यासाठी.
वहीत लिहिलं:
सत्तेचाळीस. फुलं खालून वीस ओळी. पान तुटलेलं नाही.
हाताला पट्टी होती, अक्षर वाईट आलं.

दुपारी एक मुलगा उकडलेले बटाटे देऊन गेला,
फडक्यात बांधलेले, गरम.
निरोप काही नव्हता.